सुरांच्या आडवाटा (११) : जेंटल जायंट – चार गळे, चार वाटा

मागच्या दोन भागांत ‘येस’ आणि ‘जेनेसिस’ झाले. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे वीस मिनिटांचं गाणं आणि त्यात निम्मा वेळ कुणाचा तरी सोलो, असा जो समज आहे तो या मंडळींच्या लांबलचक रचनांमुळेच. तो मोडायला १९७२चा ‘ऑक्टोपस’ हा अल्बम पुरे. आठ गाणी, सगळी मिळून साधारण ३४ मिनिटं. त्याच वर्षी ‘येस’नं ‘क्लोज टू द एज’ या एकाच रचनेला एलपीची अख्खी बाजू देऊन टाकली होती. जेंटल जायंटनं तेवढ्याच जागेत चार गाणी बसवली. आणि तरी पहिल्या ऐकण्यात दमछाक होते ती यांच्याकडेच.

बँड तीन भावांचा. पोर्ट्समथचं शुलमन कुटुंब, वडील स्वतः वादक. थोरला फिल सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाला, मधला डेरेक मुख्य गायक, धाकटा रे बेस आणि व्हायोलिन दोन्ही वाजवणारा. साठच्या दशकात त्यांचा ‘सायमन ड्युप्री अँड द बिग साउंड’ नावाचा बँड सोल संगीत वाजवायचा. १९६७मध्ये त्यांचं ‘काइट्स’ हे गाणं ब्रिटनच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं. गंमत अशी, की भावांना तेच गाणं मुळीच आवडत नव्हतं. काही काळ त्यांच्याबरोबर की-बोर्डवर रेज ड्वाइट नावाचा एक पोरगा होता. पुढे जग त्याला एल्टन जॉन म्हणून ओळखू लागलं. चालता धंदा मोडून भावांनी १९७०मध्ये नवा डाव मांडला आणि त्यात बाहेरून दोन माणसं आणली. केरी मिनियर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचनाशास्त्र शिकलेला. गॅरी ग्रीन ब्लूज गिटारवाला. या बँडच्या आवाजाचं मर्म मला या दोघांच्या शेजारात दिसतं. मिनियर मध्ययुगीन चर्चमधून यावा तसा एखादा सुरावटीचा गुंता मांडतो आणि ग्रीन त्यावर ब्लूजची धूळ उडवतो.

आता ‘ऑक्टोपस’मधलं ‘नॉट्स’ लावा. स्कॉटिश मानसोपचारतज्ज्ञ आर. डी. लेंग यांचं याच नावाचं पुस्तक १९७०मध्ये आलं होतं. माणसं एकमेकांच्या मनात कशी अडकत जातात, त्याच्या गाठी त्यात उकलून दाखवल्या आहेत. गाणं त्यावरूनच सुचलेलं. गाण्याची सुरुवात वाद्याविना. एक गळा एक तुकडा म्हणतो, तो संपायच्या आत दुसरा शिरतो, मग तिसरा, चौथा. प्रत्येकाची चाल वेगळी, ठोके वेगळ्या जागी, शब्द एकमेकांवर आदळणारे. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात मॅड्रिगल नावाचा बहुगायनाचा प्रकार लोकप्रिय झाला होता, त्याची ही कोळून प्यायलेली आवृत्ती. मग मध्येच झायलोफोन टणटणतो, ड्रम्स धडकतात आणि हे सगळं चार-सव्वाचार मिनिटांत आटोपतं. मनाचा गुंता हा विषय आणि गाण्याची वीणही गुंत्याचीच. अशी सांगड रॉकमध्ये फार कमी वेळा जमलेली आहे.

आपल्याला हे जड का जातं? आपला कान एका गळ्यामागे जायला शिकलेला असतो. ख्यालात हार्मोनियमवाला गायकाच्या मागोमाग जातो, त्याच्याशी भांडत नाही. इथे साथीला कुणी नाहीच, सगळेच मुख्य. त्यामुळे ‘मुख्य चाल कुठली?’ हा प्रश्नच सोडून द्यावा. मी सांगेन तो उपाय साधा आहे: एका ऐकण्यात एकच माणूस धरायचा. पहिल्यांदा फक्त रे शुलमनचा बेस, दुसऱ्यांदा फक्त मिनियरचे हात. बाकीचे आपोआप कानात शिरतात.

लयीच्या बाबतीत मात्र आपण पुढेच आहोत. पाश्चात्त्य समीक्षक सातच्या मोजणीचं भलतंच कौतुक करतात. रूपकावर मान डोलवणाऱ्याला त्यात बिचकण्यासारखं काय आहे? १९७५च्या ‘फ्री हँड’ अल्बममधलं शीर्षकगीत ऐकताना हे लगेच कळेल. गाणं वरवर तुटलेल्या प्रेमाचं आहे, पण रोख जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या करारातून सुटल्याच्या समाधानाकडे. त्याच अल्बमची सुरुवात चुटक्यांनी होते. त्या चुटक्यांवर आपण सम पक्की करून बसतो आणि वाद्यं आली की ती सम सरकल्यासारखी वाटते.

‘फ्री हँड’मधलंच ‘ऑन रिफ्लेक्शन’ हे माझ्या मते त्यांचं सर्वांत पूर्ण काम. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीलाच चार आवाजांचा फ्यूग आहे, म्हणजे एकच सुरावट आवाज एकामागून एक उचलतात आणि एकमेकांत विणतात. हे स्टुडिओत एकावर एक आवाज चढवून करता येतं, मंचावर कसं करणार, असं वाटेल. १९७७च्या ‘प्लेइंग द फूल’ या मैफलींच्या अल्बममध्ये त्याचं उत्तर आहे. तिथे त्यांनी क्रमच उलटवला: आधी रेकॉर्डर, व्हायोलिन, चेलो, व्हायब्राफोन असं छोटेखानी दरबारी संगीत आणि मग चौघं उभे राहून तो फ्यूग गातात, श्रोत्यांसमोर, थेट. या माणसांची ही अफाट हौस होती. ज्याला त्याला तीन-चार वाद्यं यायची आणि एकाच गाण्यात ती बदलली जायची.

प्रयोगासाठी प्रयोग, असा आरोप त्यांच्यावर झाला. तो सगळाच खोटा नाही. ‘अक्वायरिंग द टेस्ट’ (१९७१) मधल्या काही जागा मलाही गृहपाठासारख्या वाटतात. पण १९७३चं ‘अॅन इनमेट्स ललबाय’ ऐका. मनोरुग्णालयातल्या माणसाचं अंगाईगीत, आणि साथीला जवळजवळ फक्त टकटकणारी, टणटणणारी वाद्यं: ग्लोकेनश्पील, मरिंबा, व्हायब्राफोन, टिंपनी. खेळण्याच्या दुकानात कुणीतरी हरवलं आहे असं वाटत राहतं. इथे वाद्यांची निवड हाच आशय आहे. हे गाणं ज्या ‘इन अ ग्लास हाउस’ अल्बममध्ये आहे, त्याची सुरुवात काच फुटण्याच्या आवाजानं होते. तो आवाज पुन्हा पुन्हा येतो आणि त्याचाच ठेका होतो.

तोवर थोरला फिल ‘ऑक्टोपस’नंतर बँड सोडून गेला होता. बाकीचा बँड १९८०पर्यंत टिकला. शेवटची वर्षं दुःखदच: पंक आला, लांब केसांच्या हुशार माणसांचे दिवस फिरले आणि यांनी सोपी गाणी करून पाहिली. सोपेपणा हा त्यांचा पिंड नव्हता. पुढे डेरेक रेकॉर्ड कंपनीत अधिकारी झाला आणि त्यानं बॉन जोव्हीला करारबद्ध केलं! रे निर्माता झाला, आइसलंडच्या ‘शुगरक्यूब्ज’च्या पहिल्या अल्बमवर त्यानं काम केलं, २०२३मध्ये तो गेला. जुना बँड पुन्हा उभा राहिला नाही.

गाणी मात्र भलतीकडेच फिरताहेत. २००४मध्ये मॅडव्हिलननं ‘फनी वेज’चा तुकडा हिप-हॉपमध्ये वापरला आणि २०२३मध्ये ट्रॅव्हिस स्कॉटच्या ‘हायना’ची सुरुवातच ‘प्रोक्लमेशन’च्या तुकड्यानं झाली. हे मूळ गाणं १९७४च्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’मधलं. चांगल्या इराद्यानं सत्तेत आलेला पुढारी हळूहळू कसा सडतो, हे सांगणारा तो अल्बम. निक्सन यांच्या राजीनाम्याच्या पुढच्याच महिन्यात बाजारात आला. त्याचं शेवटचं गाणं पहिल्याच गाण्याची चाल परत आणतं, पण दाबून, कर्कश करून.

नव्या माणसानं क्रम असा धरावा: आधी ‘फ्री हँड’, मग ‘ऑक्टोपस’, मग ‘द पॉवर अँड द ग्लोरी’. या तिन्हींची स्टीव्हन विल्सननं नव्यानं केलेली मिश्रणं मिळाली तर तीच घ्यावीत, कारण त्यांत एकेक वाद्य वेगळं काढून ऐकणं सोपं जातं. ‘जायंट फॉर अ डे’ (१९७८) सोडून द्या. त्याच्या वेष्टनावर कापून तोंडावर लावायचा मुखवटा छापलेला होता, तेवढीच त्यातली मौज. पुढच्या आठवड्यात ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’.