सुईतले बळ

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला सारे नागपूर लोटते. एरवी पहाटे त्या रस्त्याला भेटतात ती धावणारी पोरे. कोराडी हे कामठी तालुक्यातले. कामठीची छावणी १८२१ सालची; गार्ड्‌स रेजिमेंटचे केंद्रही तेथेच. मग इथल्या पोरांना फौजेचे वेड लागले तर नवल ते काय?

भरतीची धाव १६०० मीटरची. साडेपाच मिनिटांत पुरी केली की पैकीच्या पैकी गुण. एखादा बिचारा दहा सेकंदांनी मागे पडतो. वय निघून चाललेले असते. अशा वेळी कुणी शहाणा कानाशी लागतो, “घेऊन तं पाय एक सुई, कोनाले कयते!”

त्या सुईत असते काय? टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचे एखादे भावंड. १९३५ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. दम्यावर डॉक्टर देतात ते स्टेरॉइड निराळे, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे. या सुईने दंड फुगतात, हे खरे. पण बाहेरून आयता माल येऊ लागला की शरीर आपला कारखाना बंद करते. यकृत आणि हृदय यांवर ताण पडतो. वाढीच्या वयात हाडांची टोके लवकर जुळून उंचीच खुंटते. आणि भरतीत उंचीही मोजतात! शिवाय मैलभर धावायला दम लागतो. तो फुगल्या दंडांत नसतो.

आणि कळत नाही म्हणता? लघवीत टेस्टोस्टेरॉनचे त्याच्या जोडीदार द्रव्याशी प्रमाण पाहतात. ते चारपटींवर गेले की संशय. मग कार्बनची तपासणी. कारखान्यातला माल बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतो. त्याच्या कार्बनची खूण वेगळीच निघते. आपल्या सैन्यातले खेळाडू राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, तेव्हा त्यांनाही ‘नाडा’ची ही परीक्षा चुकत नाही.

अमेरिकेत २०२२ साली नौदलाच्या ‘सील’ कमांडोंच्या खडतर शिक्षणात एक उमेदवार न्यूमोनियाने दगावला. चौकशीत त्या उमेदवारांमधला स्टेरॉइडचा वापर उजेडात आला, आणि नोव्हेंबर २०२३ पासून त्या दलात अचानक तपासण्या सुरू झाल्या. कारण उघड आहे. रणांगणावर शेजारच्याच्या जिवाची हमी आपल्या शरीरावर असते. तिथे उसने बळ चालत नाही.

तेव्हा वडील मंडळींनो, पोरगा धावून आला की घड्याळाकडे मागाहून पाहा. आधी त्याला पोटभर जेवू घाला, आणि सांगा, “दहा सेकंद पुढल्या खेपेला कमी कर. नाहीच झाले, तरी हे घर तुझेच आहे.” सुईवाल्याच्या आधी हे शब्द त्याच्या कानी पडले पाहिजेत.