जुन्या मोटारीची मागची कमान

फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ ही मोटार डिसेंबर १९२७ मध्ये लोकांसमोर आली. १९३१ पर्यंत तिच्या सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी ज्या आजही हौशी लोकांनी सांभाळून ठेवल्या आहेत, त्यांच्या मालकांना मागच्या कमानीबाबत दोन इच्छा असतात. एक, झिजलेली कमान दुरुस्त करावी. दुसरी, गाडी थोडी खाली आणावी. ही दोन कामे निराळी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

घोडागाडीच्या कमानीप्रमाणेच ही कमान पोलादी पाट्यांची असते. मात्र ती गाडीच्या लांबीला समांतर नसून आडवी असते. तिचा मधला उंच भाग चौकटीच्या आडव्या तुळईला यू-बोल्टांनी आवळलेला असतो आणि दोन्ही टोके शॅकलांच्या साहाय्याने मागच्या आसाशी जोडलेली असतात. चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की पाटे वाकतात आणि एकमेकांवरून किंचित सरकतात. या सरकण्यातील घर्षण हेलकावे काही अंशी शमविते. उरलेले काम द्रवचलित धक्काशोषक करतात.

कालांतराने आखूड पाट्याचे टोक लांब पाट्यात रुतून तेथे खाच पडते. पाट्यांमध्ये गंज धरतो, शॅकलांचे बुश झिजतात आणि पोलाद आपली मूळ वक्रता सोडू लागते. यालाच कमान बसणे म्हणतात. अशी गाडी आपोआप खाली येते. पण ती बहुधा एका बाजूला अधिक झुकते आणि लहानशा खड्ड्यातही तिचा आस चौकटीवर आदळतो. म्हणून सपाट जमिनीवर दोन्ही बाजूंची उंची मोजावी आणि गाडी बसली आहे की कोणी जाणून बसविली आहे, याचा निर्णय करावा.

कमान उतरविताना निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. गाडी जॅकवर उचलून चौकट भक्कम टेकूंवर ठेवली, तरी कमान दोन टोकांमध्ये ताणलेलीच राहते. तिचा ताण पसरणीच्या हत्याराने पेलल्याखेरीज शॅकल सोडवू नये. मधला बोल्ट काढण्यापूर्वी पाटे शिकंज्यात घट्ट धरावेत. नाहीतर ते उसळून अंगावर येतात. वेगळे केलेले पाटे घासून साफ करावेत, खाचा पडलेल्या टोकांच्या कडा गोलसर कराव्यात, तडा गेलेला पाटा बदलावा आणि ग्रीस लावून कमान पुन्हा जुळवावी.

आता गाडी खाली आणण्याविषयी. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण अशा जुन्या फोर्ड गाड्या म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर वेगाने पळवीत. तेथील शर्यतींची व्यवस्था पाहणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था १९३७ मध्ये स्थापन झाली. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर ती कमी कलते, हा या बदलाचा खरा लाभ होय.

त्याचा एक मार्ग म्हणजे काही पाटे काढून टाकणे. समजा, कमानीत सारख्या जाडीचे दहा पाटे आहेत आणि त्यांतील दोन काढले. भार तोच राहिला, पण तो आता आठांवर पडला. म्हणजे प्रत्येक पाट्यावरील ताण आणि कमानीचे वाकणे ही दोन्ही सुमारे एक-चतुर्थांशाने वाढली. दुसरा मार्ग अधिक निर्धोक आहे. मुख्य पाट्याचे टोक वळवून जो डोळा केलेला असतो, तो उलट बाजूस वळविलेला नवा पाटा बसवितात. त्यामुळे कमान जवळजवळ डोळ्याच्या जाडीइतकी खाली येते आणि तिची ताकद मात्र कायम राहते. पाटे तापवून वाकविणे हा तिसरा मार्ग सर्वथा वर्ज्य मानावा. त्याने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा पुढे केव्हाही दगा देतो.

मार्ग कोणताही असो, उंची फुकट कमी होत नाही. चौकट जितकी खाली येते, तितकी आसाला वर उसळण्याची जागा कमी होते. शिवाय या गाडीचे ब्रेक यांत्रिक आहेत. त्यांचे लांब दांडे चौकटीवरून मागच्या चाकांपर्यंत जातात. उंची बदलली की दांड्यांचा कोन बदलतो. ते पुन्हा जुळविले नाहीत, तर एक चाक आधी धरते व दुसरे उशिरा, आणि गाडी आडवी फिरू शकते. म्हणून काम संपल्यावर प्रथम ब्रेकची परीक्षा घ्यावी, मगच गाडी रस्त्यावर काढावी.

काढलेले मूळ पाटे भंगारात घालू नयेत. त्यांना तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावे. पुढील मालकाला गाडी मूळ रूपात हवी असेल, तर त्याला ती वाट मोकळी असावी.