पाच शब्दांचं कार्ड

लंडनच्या क्यू भागात ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथं एक व्हिजिटिंग कार्ड जपून ठेवलंय. त्यावर छापलेलं नाव मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांचं, आणि शाईनं खरडलेले जेमतेम पाच शब्द. अक्षर असं गचाळ, की नेमकं काय लिहिलंय यावर पुढं कोर्टातही घोळ झाला. त्यातल्या मुख्य शब्दाचं, म्हणजे शिवीचं, स्पेलिंगही चुकलेलं. इंग्रजी भाषेला हवी तशी नाचवणाऱ्या ऑस्कर वाइल्डला बुडवलं ते या अशुद्ध ओळीनं!

१४ फेब्रुवारी १८९५ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’चा पहिला प्रयोग झाला. वाइल्डचं दुसरं एक नाटक तेव्हा शहरात चालूच होतं. त्या रात्री क्वीन्सबेरी भाजीपाल्याचा गुच्छ घेऊन लेखकाचा ‘सत्कार’ करायला आला होता. त्याचा मुलगा आल्फ्रेड डग्लस आणि वाइल्ड यांचं प्रेमप्रकरण त्याला सलत होतं. पण थिएटरवाल्यांना आधीच कुणकुण लागली होती, त्यांनी त्याला आत घेतलंच नाही. चार दिवसांनी तो वाइल्डच्या क्लबात गेला आणि दारावरच्या माणसाकडे ते कार्ड देऊन आला. त्या भल्या माणसानं मागं तारीख-वेळ लिहून ते पाकिटात घातलं. वाइल्डला ते मिळालं दहा दिवसांनी.

फाडून टाकलं असतं, तर? बर्नार्ड शॉ आणि फ्रँक हॅरिस या मित्रांनी त्याला हेच सांगितलं, खटल्याचा नाद सोड. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. वाइल्ड बुद्धिमान होता, पण शहाणा नव्हता. बापावर खार खाऊन असलेल्या डग्लसनं त्याला चढवलं आणि त्यानं अब्रुनुकसानीचा खटला भरला.

समोर वकील होता एडवर्ड कार्सन, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला जुना ओळखीचा. सुरुवातीला वाइल्डच्या हजरजबाबीपणावर कोर्ट खळखळून हसत होतं. मग कार्सननं एका नोकर पोराबद्दल विचारलं, त्याचं चुंबन घेतलंत का? छे, तो दिसायला अगदीच सामान्य होता, असं वाइल्ड बोलून गेला. कार्सननं तिथंच धरलं: म्हणजे तेवढ्यासाठीच घेतलं नाहीत? पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. वाइल्ड अडखळला. रंगमंचावर हेच वाक्य टाळ्या घेऊन गेलं असतं.

खटला मागं घ्यावा लागला आणि ५ एप्रिलच्या संध्याकाळी फिर्यादीलाच अटक झाली. १८८५च्या कायद्यानं दोन पुरुषांमधले संबंध चार भिंतींआडही गुन्हा होते. वाइल्डवरच्या पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्यात २५ मे रोजी दोन वर्षं सक्तमजुरी. दरम्यान टाइट स्ट्रीटवरच्या घराचा लिलाव झाला, पुस्तकांबरोबर मुलांची खेळणीसुद्धा गेली. थिएटरवाल्यांची करामत तर बघा: जाहिरातीतून लेखकाचं नाव गायब, नाटक मात्र आणखी काही आठवडे चालू! पत्नी कॉन्स्टन्सनं परदेशी जाऊन आपलं आणि दोन्ही मुलांचं आडनाव बदलून हॉलंड केलं.

रेडिंगच्या तुरुंगात तो सी.३.३. झाला: सी विभाग, तिसरा मजला, तिसरी कोठडी. सुटल्यावर लिहिलेली तुरुंगावरची दीर्घ कविता १८९८मध्ये याच क्रमांकानं छापली गेली. ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात तो वारला. वय ४६.

शिक्षा झाल्यावर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयानंही त्याचा वाचक-पास रद्द केला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं त्याच्या नावाचा नवा पास काढला. तो घ्यायला गेला त्याचा नातू, मर्लिन हॉलंड. आडनाव अजून तेच.