हूडखाली खानदेश

धुळ्याजवळच्या गोंदूरवरून उडालेल्या शिकाऊ वैमानिकाला, आभाळ निरभ्र असेल तर, वाट चुकणे अवघडच. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला गाळण्याचे आणि अजिंठ्याचे डोंगर, मधे तापी. शिवाय नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला येणारी सुरत–भुसावळ रेल्वे. नकाशा मांडीवर, रूळ खिडकीत. मग एके दिवशी शिक्षक त्याच्या डोक्यावर हूड चढवतो. ही झापड घातली की समोरची यंत्रे तेवढी दिसतात. खिडकी, नदी, डोंगर सगळे गायब.

या खोऱ्यात आता वैमानिक घडवण्याचा उद्योगच उभा राहिला आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने मुंबईच्या गजबजलेल्या आकाशातून आपली शिकाऊ उड्डाणे धुळ्याला आणली. शिरपूरलाही धावपट्टी आणि प्रशिक्षण संस्था आहे. जळगावच्या १,७०० मीटरच्या धावपट्टीवर ‘उडान’ योजनेतली प्रवासी सेवा डिसेंबर २०१७मध्ये सुरू झाली आणि प्रशिक्षण संस्थांविषयीच्या नव्या धोरणानंतर तिथेही वैमानिक प्रशिक्षण आले. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी केवळ यंत्रांवर विसंबून उडण्याचे ४० तास. त्यातले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर चालतात.

हा सराव कशासाठी, याचे उत्तर कानात आहे. आपला तोल आतल्या कानातल्या द्रवावर चालतो. विमान एकाच वेगाने वळत राहिले, तर थोड्या वेळात तो द्रव स्थिरावतो आणि वळण संपले असे वाटू लागते. मग विमान खरोखर सरळ केले, की उलट बाजूला कलल्यासारखे वाटते. हूडखाली बसलेला मुलगा शपथेवर सांगेल की आपण सरळ चाललोय, आणि विमानाचा कल दाखवणारे समोरचे कृत्रिम क्षितिज तिरके असेल. अशा वेळी खरे धरायचे ते यंत्राचे.

पण कुठल्या यंत्राचे? १ जानेवारी १९७८च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडून विमान उजवीकडे कललेले दाखवत राहिले, आणि तो डावीकडे वळवत गेला. खाली काळा समुद्र, म्हणून डोळ्यांना क्षितिज नाही. सहवैमानिकासमोरचे यंत्र ठीक चालत होते. म्हणूनच कुठलाही बरा शिक्षक नजर एका सुईवर थांबू देत नाही: क्षितिज, उंची, वेग, दिशा, पुन्हा क्षितिज.

आपण नक्की कुठे आहोत, हेही असेच ताडून पाहावे लागते. जमिनीवरचे व्हीओआर हे दिशादर्शक रेडिओ केंद्र दोन संकेत सोडते: एक सर्व दिशांना सारखा, दुसरा सेकंदाला तीस वेळा गरगर फिरणारा. दोहोंतला फरक मोजून विमानातला रिसीव्हर सांगतो, की तुम्ही केंद्राच्या अमुक दिशेला आहात. अंतर मात्र त्याला कळत नाही. ते डीएमई हे अंतरमापक यंत्र सांगते. तेही तिरके अंतर. सुमारे सहा हजार फुटांवरून थेट केंद्राच्या माथ्यावर आलात, तरी ते शून्य नव्हे, एक सागरी मैल दाखवते!

ही यंत्रे असून न वापरल्याचे मोल जुन्नरच्या डोंगरांनी पाहिले आहे. ७ जुलै १९६२ला, पावसाळी रात्री, बँकॉकहून मुंबईला येणारे अलिटालियाचे डीसी-८ विमान तिथे आदळून ९४ जण दगावले. मुंबई जवळ आली, असे समजून ते आधीच खाली उतरले होते. हाताशी असलेल्या साधनांवर आपली जागा ताडून पाहिली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

धुळे-शिरपूरच्या धावपट्ट्यांवर आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांवर विमान उतरवणारी यंत्रणा, नाही. केवळ नजरेवर उडायचे, तर साधारणपणे पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. आषाढातले ढग किंवा पौषातले धुके आले की मुकाट्याने थांबायचे. पण आता दुसरा साक्षीदार आकाशातून मिळू शकतो. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणा जीपीएसच्या चुका दुरुस्त करून पाठवते. आपल्याकडे हे काम कठीण, कारण विषुववृत्तालगतच्या आयनांबराची खळबळ अहमदाबाद–भोपाळच्या पट्ट्यापर्यंत पोचते आणि खानदेश त्याच टापूत येतो. तरीही २०१५मध्ये गगनला उंचीसह मार्गदर्शन करण्याचे प्रमाणपत्र मिळाले, आणि एप्रिल २०२२मध्ये राजस्थानातल्या किशनगडच्या लहान विमानतळावर इंडिगोचे एटीआर विमान गगनच्या आधारे उतरले.

खानदेशात मात्र विमानतळाची निवेदने निघतात ती लांब धावपट्टीची आणि नव्या इमारतीची. पुढच्या निवेदनात एक ओळ वाढवा: प्रत्येक धावपट्टीसाठी अडथळे मोजून आखलेला, उपग्रहाधारित उतरण्याचा मार्ग हवा. गगनचे संकेत खानदेशावर आजही पोचत आहेत.