गाडीवर कोरडं फडकं नको!

रोज सकाळी गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसता ना? ते आधी थांबवा. धुळीत वाळूचे कण असतात आणि रंगावरचा क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात, ते बहुतेक अशा पुसण्याचेच.

मी गाडी सावलीत लावतो, बॉनेट गार झालं की नुसत्या पाण्याने माती वाहू देतो. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर थोड्या वेळाने साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाचा गाळ एकदा बघाच! टपापासून खाली या, चाकांना फडकं वेगळं. शेवटी जाड टॉवेलने न घासता पाणी टिपा.