रेशीम शेडचं खत खारपाणात टाकण्याआधी हे वाचा



रेशीम अळ्यांची विष्ठा अन् उरलेला तुतीपाला, याचं सेंद्रिय खत चांगलं होते. पण भातकुलीची बरीच वावरं पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात येतात. इथं मातीत सोडियम जास्त, निचरा कमी. ताजी विष्ठा तशीच टाकली तर कुजताना अमोनिया निघतो, कोवळी मुळं करपतात.

म्हणून:

✅ शेणासोबत थर लावून पूर्ण कुजवा. ढिगाची गरमी अन् उग्र वास गेला पाहिजे.
✅ ओलवायला शेततळ्याचं पाणी घ्या. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं खतातच क्षार वाढतात.
❌ चुना, ब्लिचिंग पावडर पडलेला कचरा नको. कुजवणारे जिवाणू मरतात.
❌ रोग पडलेल्या बॅचची विष्ठा तुतीत टाकू नका.
✅ हाताळताना मोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा.

*आधी तपासा:* एका कुंडीत नुसती वावरातली माती, दुसरीत तीन भाग माती अन् एक भाग खत. दोन्हीत 10-10 मूग पेरा. खताच्या कुंडीत उगवण कमी दिसली तर खत अजून कुजू द्या.

अन् लक्षात ठेवा, हे खत जिप्समची जागा घेत नाही. जिप्सम किती टाकायचं ते माती परीक्षणावरूनच ठरवा.