मनाच्या जखमा (लेखांक ६) : दारापासून खोलीपर्यंत

गेल्या आठवड्यात युद्धोत्तर मानसिक आघातावरच्या, म्हणजे पीटीएसडीवरच्या, दोन उपचारांची ओळख झाली. एक एडना फोआ यांचा प्रोलाँग्ड एक्स्पोजर, दुसरा पॅट्रिशिया रेसिक यांचा सीपीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. दोन्ही साधारण तीन-चार महिन्यांत आटोपतात. मग औषध घरात असून दुखणं का रेंगाळतं?

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने 2006 पासून आपल्या हजारो थेरपिस्टना हे उपचार शिकवले. पुढे इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या आणि पीटीएसडीचं निदान झालेल्या अडीच लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. या दोन उपचारांपैकी एक सुरू करणारे शंभरात जेमतेम तेवीस निघाले, आणि पूर्ण करणारे नऊ. ही माणसं दवाखान्याची पायरी चढलेली होती, कागदावर निदान झालेलं होतं. म्हणजे ‘फौजी माणसाला लाज वाटते’ एवढं म्हणून भागत नाही. लाज आहेच, 2004 साली चार्ल्स होग यांनी सैनिकांच्या केलेल्या पाहणीत, ज्यांना त्रास जास्त त्यांनाच ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती जास्त असल्याचं दिसलं होतं. पण दारापासून योग्य खोलीपर्यंतचं अंतर हे निराळं दुखणं आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

या आजाराचा एक डाव लक्षात घ्यायला हवा. टाळणं हे त्याचं लक्षणच आहे. गर्दी टाळायची, बातम्या टाळायच्या, जुन्या सोबत्याचा फोन टाळायचा. आणि उपचार म्हणतो, टाळतोस त्याच्याकडेच बघ. ताप आलेला माणूस डॉक्टरला घाबरत नाही. इथे आजारच दारावर पहारा देतो. माणूस वेळ ठरवतो, गाडी दवाखान्याच्या आवारात लावतो आणि तशीच परत फिरवतो. याला आळस म्हणणाऱ्याला आजार कळलेला नाही.

दवाखानेही टाळतात, हे मात्र सांगितलंच पाहिजे. ‘आत्ता त्याला झेपणार नाही’ म्हणून कित्येक ठिकाणी महिनोन्महिने तयारीचे वर्ग, आधारगट आणि झोपेच्या गोळ्या चालत. अशी लांबलचक तयारी आधी हवीच, याला भक्कम पुरावा नाही. खात्याच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना थेरपीला औषधांच्या आधी मान देतात आणि बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या या आजारासाठी देऊ नका, असं सांगतात.

मग दार उघडतं कुणाच्या हाताने? बहुतेकदा जो स्वतः त्या दारातून गेलाय त्याच्या. 1979 साली व्हिएतनामच्या माजी सैनिकांसाठी ‘व्हेट सेंटर’ निघाली, तेव्हा खात्याचे प्रमुख मॅक्स क्लीलँड होते. दोन्ही पाय आणि उजवा हात व्हिएतनाममध्ये गमावलेला माणूस. ही केंद्रं रुग्णालयापासून दूर, बाजारातल्या दुकानगाळ्यांत थाटली आणि समुपदेशकांत अनेक जण स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले घेतले. गंमत म्हणजे पीटीएसडी हे नाव अमेरिकेच्या निदानग्रंथात आलं ते पुढच्या वर्षी, 1980 मध्ये. नावाआधी मदत पोचली होती म्हणा ना.

पहिलं बोलणं कसं असावं? ‘तिथे काय झालं?’ हा प्रश्न नको. झोप लागते का, स्वप्नं पडतात का, सारखं सावध राहावं लागतं का, माणसं परकी वाटतात का, झालं त्याचा दोष स्वतःकडे घेता का? पाच प्रश्नांची जी चाळणी प्राथमिक दवाखान्यांत वापरतात ती याच वळणाची आहे. त्यानंतर उपचार समोर मांडावेत आणि निवड त्याच्यावर सोपवावी. आकडा सांगावा: सीपीटी बारा सत्रं, प्रोलाँग्ड एक्स्पोजर आठ ते पंधरा. ज्याने आयुष्यभर मोहिमा केल्या त्याला सुरुवात आणि शेवट असलेलं काम कळतं. ‘येत राहा, बघू’ हे कळत नाही.

एक गोष्ट तर ठळक सांगायला हवी. सीपीटीमध्ये प्रसंगाचं सविस्तर वर्णन करावंच लागतं असं नाही. काम चालतं ते ‘माझ्यामुळेच तो गेला’ अशा अडकून बसलेल्या विचारावर. ‘मी ते तोंडाने सांगूच शकत नाही’ म्हणून पाय मागे घेणाऱ्याला हे माहीतच नसतं. आणि तोंडाने नको तर कागदावर: डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांच्या लेखन-उपचाराची पाच सत्रंच असतात.

घरच्यांचा प्रश्न नाजूक. त्याला गर्दी सोसत नाही म्हणून बाजार बायकोच करते, लग्नकार्यात एकटीच जाते, फटाके वाजले की खिडक्या लावते. हे प्रेमच, पण आजाराला खतपाणीही. तिने काय बोलावं? अमेरिकेत ‘कोचिंग इनटू केअर’ नावाची फोनसेवा नेमकी यासाठी आहे: फोन बायकोने किंवा आईने करायचा आणि त्याच्याशी बोलायचं कसं ते शिकून घ्यायचं. भांडण चालू असताना विषय काढायचा नाही. ‘तू बदललास’ऐवजी ‘तू तीन रात्री झोपला नाहीस, मला काळजी वाटते’ असं म्हणायचं. आणि ‘जा’ म्हणण्यापेक्षा ‘मी सोबत येते’ म्हणायचं.

आपल्याकडे सैन्यदलांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक-आरोग्य फोनसेवेचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला. सर्वांसाठीचा टेली-मानसचा क्रमांक 14416. त्यावर मराठीत बोलता येतं, आणि तो घरातल्या कुणीही फिरवला तरी चालतो.

पुढच्या आठवड्यात: खोलीत शिरल्यावर पहिल्या तीन सत्रांत काय घडतं, आणि माणसं मध्येच का गळतात.